बटाट्याचे गोळे : थुरिंगियाच्या स्वयंपाकघरातील एक विद्या

पाकविद्येचा विचार करताना विद्वानांचे लक्ष बहुधा मेजवानीच्या पदार्थांकडे जाते. राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यातील पक्वान्नांची वर्णने ग्रंथांतून सापडतात. परंतु ज्या अन्नावर सामान्य माणसांच्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या, त्याची कृती सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. ती आईच्या हातून मुलीच्या हाती जाते, आणि हे देणेघेणे ज्या दिवशी थांबते त्या दिवशी ती नाहीशी होते. आजच्या व्याख्यानाचा विषय असाच एक पदार्थ आहे : मध्य जर्मनीतील थुरिंगिया या डोंगराळ, वनाच्छादित प्रदेशात घरोघरी होणारे बटाट्याचे उकडलेले गोळे. बटाटा, मीठ, पाणी आणि लोण्यात तळलेले पावाचे चार तुकडे यांपलीकडे त्यांत काही नसते. तरीही हे गोळे नीट साधणे ही त्या प्रदेशात गृहिणीच्या हातगुणाची कसोटी मानली गेली आहे. इतक्या साध्या सामग्रीच्या पदार्थात एवढे अवघड ते काय, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास बटाट्याचा इतिहास, त्यातील पिष्टाचा स्वभाव आणि युरोपातील गरिबांचा भुकेशी झालेला झगडा, या तिन्हींचा मागोवा घ्यावा लागतो.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. टिटिकाका सरोवराच्या परिसरातील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आणला. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठवावयाचे, दिवसा पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढून टाकावयाचे आणि मग उन्हात वाळवावयाचे, अशी टिकाऊ अन्न बनविण्याची रीत त्यांना अवगत होती. बटाट्यातील पाणी वेगळे काढल्यावाचून त्याचे खरे बळ हाती येत नाही, हे ज्ञान म्हणजे या कंदाबरोबर जन्मलेलेच ज्ञान होय. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांमार्फत हा कंद युरोपात पोहोचला. कॅरिबियन बेटांवर रताळ्यासाठी रूढ असलेला ‘बटाटा’ हा शब्द युरोपीयांनी या नव्या कंदासही लावला. पोर्तुगीजांच्या मुखातून तोच शब्द भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठी भाषेत घरचा होऊन बसला. जर्मनांनी मात्र या कंदाचे नाव जमिनीखाली वाढणाऱ्या एका मौल्यवान कवकाच्या इटालियन नावावरून बनविले व त्यास ‘कार्टोफेल’ म्हटले.

जर्मन शेतकऱ्याने या परक्या कंदाचे स्वागत केले असे मात्र म्हणता येत नाही. फ्रँकोनियातील पिल्ग्रामस्रॉइट या गावी १६४७ साली शेतात बटाटा लावल्याचे सांगितले जाते. तथापि पुढील शंभर वर्षे त्याचा प्रसार अत्यंत मंद गतीने झाला. बटाट्याचे झाड विषारी वनस्पतींच्या कुळातील. त्याची हिरवी फळे खाणारा आजारी पडे. बायबलात त्याचा उल्लेख नाही, म्हणून धर्मभीरू लोक त्याच्याकडे संशयाने पाहत. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने २४ मार्च १७५६ रोजी बटाट्याच्या लागवडीचे फर्मान काढले. परंतु राजाज्ञेला जे फारसे साधले नाही, ते उपासमारीने साधले. १७७० ते १७७२ या काळात अतिवृष्टीने मध्य युरोपातील धान्याची पिके बुडाली आणि भाकरीचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. जमिनीखाली सुरक्षित राहणारा, थोड्या जागेत पुष्कळ पिकणारा कंद तेव्हा कुठे लोकांना आपला वाटू लागला.

थुरिंगियाच्या अरण्यमय टेकड्यांवर ही गरज विशेष तीव्र होती. तेथील जमीन हलकी, उन्हाळा तोकडा आणि गहू पिकणे दुरापास्त. लाउशा येथील काच फुंकणारे आणि झोनेबर्ग परिसरातील खेळणी बनविणारे कारागीर घरी बसून, बायकामुलांसह काम करीत आणि अल्प मोबदल्यावर गुजराण करीत. अशा कुटुंबांत सकाळी बटाटा, दुपारी बटाटा आणि रात्रीही बटाटाच असे. जो पदार्थ रोज, तिन्ही त्रिकाळ खावा लागतो त्याचा वीट येणे स्वाभाविक होय. निदान रविवारी तरी त्याच बटाट्याचे काही निराळे, भारदस्त रूप ताटात यावे, या इच्छेतून गोळ्यांची कला वाढीस लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, याच भागातील एफेल्डर गावच्या धर्मोपदेशकाने आपल्या परिसराचे जे वर्णन लिहिले, त्यात लोकांच्या बटाट्यावरील जगण्याबरोबर या गोळ्यांचीही दखल घेतलेली आढळते.

येथे एक अडचण उभी राहते, आणि या पदार्थाची सारी विद्या त्या अडचणीत सामावलेली आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले असता त्यातील प्रथिनांपासून ग्लूटेन नावाचे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. पोळी लाटता येते, पाव फुगतो, तो या जाळ्यामुळे. बटाट्यात ग्लूटेन मुळीच नाही. त्याच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग पाणी असतो. उरलेल्यात बहुतांश पिष्ट, म्हणजेच स्टार्च, आणि सुमारे दोन टक्के प्रथिने. बटाटा कितीही मळला तरी त्याची कणीक होत नाही. उलट उकडलेला बटाटा फार घोटला, तर त्याच्या पेशी फुटून चिकट लगदा होतो. मग उकळत्या पाण्यात सोडलेला गोळा विरघळू नये यासाठी त्याला धरून ठेवणार कोण? श्रीमंत घरांत अंडी व मैदा घालून हा प्रश्न सोडविता येतो. ज्या घरात अंडे विकावयाचे आणि गहू विकत आणावयाचा, तेथे बटाट्यानेच बटाट्याला बांधले पाहिजे.

पिष्टाचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. ते तळाशी बसतात. परंतु पाणी साधारण साठ ते सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. कापडास खळ देणाऱ्या परटाला हे जसे ठाऊक असते, तसेच उकडीचे मोदक करणाऱ्या गृहिणीलाही ठाऊक असते. तांदळाच्या पिठातही ग्लूटेन नाही; म्हणूनच ते उकळत्या पाण्यात घालून त्याची उकड काढावी लागते आणि त्या उकडीला मग पारी वळण्याइतका लवचीकपणा येतो. थुरिंगियाची गृहिणी नेमके हेच तत्त्व बटाट्याला लावते. तिच्या कृतीतील प्रत्येक पायरी या एका तत्त्वाच्या प्रकाशात पाहिली असता उलगडत जाते.

प्रथम बटाट्याची निवड. गोळ्यांसाठी पिठूळ, शिजल्यावर फुटणारा, जून बटाटा लागतो. नवा बटाटा पाणचट असतो आणि त्यात पिष्ट कमी असते. त्याचे गोळे बसके होतात. फार थंड जागी ठेवलेल्या बटाट्यातील काही पिष्टाची साखर होते, म्हणून तोही निरुपयोगी. कोंब आलेले व हिरवट झालेले बटाटे बाजूस काढावेत, कारण त्यांत विषारी द्रव्य वाढलेले असते. एकूण बटाट्यांचे तीन वाटे करावयाचे : दोन वाटे कच्चे राहतात, एक वाटा शिजतो. हे दोनास एक प्रमाण हा थुरिंगियाच्या गोळ्यांचा आत्मा होय. दोन किलो बटाट्यांतून मुठीएवढे आठ-दहा गोळे होतात.

कच्चे बटाटे सोलून ते थंड पाण्याने भरलेल्या भांड्यात बारीक किसावयाचे. हवेशी संबंध येताच कीस काळवंडू लागतो; पाण्यामुळे हा बदल मंदावतो. पूर्वी काही घरांतून किसाला गंधकाची धुरी देऊन तो पांढराशुभ्र राखण्याची चाल होती. नंतर हा कीस जाड तागाच्या पिशवीत भरून, लाकडी दाबयंत्रात घालून पिळावयाचा. तो इतका कोरडा झाला पाहिजे की हातात घेतल्यावर लाकडाच्या भुशासारखा मोकळा व्हावा. श्रीखंडाचा चक्का बांधतात तशा कापडातही हे करता येते, परंतु मनगटाचा जोर मात्र बराच खर्च होतो. साम्यवादी राजवटीच्या काळात, म्हणजे १९४९ ते १९९० या वर्षांत पूर्व जर्मनीचा भाग असलेल्या थुरिंगियात, अनेक कुटुंबांनी या कामासाठी धुतलेले कपडे पिळण्याचे विजेचे यंत्र वापरले. पिशवी यंत्रात टाकावयाची आणि नळीतून येणारे पाणी खाली भांड्यात धरावयाचे, ही युक्ती ऐकताना हसू येते. परंतु तीत अडचणीतून वाट काढणाऱ्या माणसांची हुशारीही दिसते.

हे पिळून निघालेले पाणी हा या कृतीचा मर्मबिंदू होय. नवशिकी व्यक्ती ते मोरीत ओतून देते. पाणी मळकट, तपकिरी असते आणि त्याचा काही उपयोग असेल असे वरवर पाहता वाटत नाही. जाणती गृहिणी ते पाव तास न हलविता ठेवते. मग वरचे पाणी अलगद ओतून दिले असता भांड्याच्या तळाशी पांढरा, घट्ट, बोटाने दाबल्यास करकरणारा थर उरतो. हेच बटाट्याचे पिष्ट. कुरडयांसाठी भिजविलेल्या गव्हाचा चीक काढताना वरचे पाणी टाकून तळचा साका राखणाऱ्यांना या क्रियेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. हा पांढरा थर खरवडून पिळलेल्या किसात पुन्हा कालवावयाचा. टाकाऊ पाण्याच्या तळाशी जे बसलेले असते, तेच गोळ्याला धरून ठेवते. ते फेकून दिले तर उरतो तो केवळ चोथा, आणि चोथ्याचा गोळा वळला तरी पाण्यात टिकत नाही.

दरम्यान तिसरा वाटा मिठाच्या पाण्यात मऊ शिजवून, त्याच पाण्यात किंवा दुधात घोटून त्याची पातळ पेज केलेली असते. ही पेज चुलीवर खदखदत असतानाच कच्च्या किसावर ओतावयाची आणि लाकडी पळीने जोराने व भराभर ढवळावयाचे. येथे क्षणाचा विलंबही बाधतो. पेज कडकडीत असेल तर तिच्या उष्णतेने कच्च्या पिष्टाचा काही भाग तत्काळ फुगतो, त्याची खळ होते आणि सारे मिश्रण एकजीव होऊन भांड्याच्या कडांपासून सुटू लागते. पेज कोमट झाली असेल तर पिष्ट जसेच्या तसे राहते; मिश्रण वरून ठीक दिसले तरी गोळा पाण्यात पडताच विस्कटतो. गोळे फसल्यावर दोष पुष्कळदा बटाट्याला दिला जातो. वास्तविक दोष असतो तो पेज निवेपर्यंत रेंगाळण्याचा. यामुळेच हे काम दोन माणसांनी करण्याचा प्रघात अनेक घरांत आहे : एकाने ओतावे, दुसऱ्याने ढवळावे. बहुधा आई ओतते आणि मूल ढवळते. लेखी कृतीत न मावणारे ज्ञान या वेळी हस्तांतरित होते. मिश्रण केव्हा ‘आले’, हे पळीला होणाऱ्या विरोधावरून हाताला कळते.

मिश्रण गरम असतानाच, हात थंड पाण्यात बुडवून, गोळे वळावयाचे. प्रत्येकाच्या पोटी लोण्यात परतलेले पावाचे दोन-तीन तुकडे ठेवावयाचे. शिळ्या पावाचाही त्यामुळे मान राहतो, आणि गोळ्याचा मध्यभाग, जो सर्वांत उशिरा शिजतो, तेथे कच्चेपणा राहण्याची भीती कमी होते. मग मीठ घातलेल्या, उकळलेल्या पाण्यात गोळे सोडून आच मंद करावयाची. पाणी नुसते हलत राहावे, खळाळू नये. कारण वरचे आवरण घट्ट होण्याआधी बुडबुड्यांचा मारा झाल्यास गोळ्याची त्वचा फाटते. भांडे रुंद असावे आणि त्यात गोळ्यांची दाटी होऊ देऊ नये. सुमारे वीस मिनिटांनी गोळे वर तरंगू लागतात, तेव्हा ते झाले असे समजावे.

परंतु सर्व गोळे एकदम पाण्यात सोडण्यापूर्वी एकच गोळा सोडून पाहण्याची पद्धत आहे. त्यास परीक्षेचा गोळा म्हणतात. तो टिकला तर उरलेले सोडावयाचे; त्याच्या कडा विरघळू लागल्या तर उरलेल्या मिश्रणात आणखी थोडे पिष्ट कालवावयाचे. ज्या घरात आठवड्याचे सर्वांत चांगले जेवण या एका भांड्यावर अवलंबून असे, तेथे बारा गोळ्यांची राड होणे हा विनोदाचा विषय नव्हता. एकाच्या मोलाने अकरांचे रक्षण करण्याची ही सावधगिरी गरिबीने शिकविलेली होती. तिला शास्त्रीय प्रयोगाची शिस्त आपोआप लाभलेली आहे.

गोळे वाढले जातात ते भाजलेल्या मांसाबरोबर आणि त्याच्या भरपूर रश्श्याबरोबर. मांसाचा तुकडा लहान असला तरी रस्सा पुष्कळ असे, आणि तो शोषून घेणारा गोळा पोट भरण्याचे काम करी. गोळा सुरीने कापणे तेथे अशिष्ट समजतात. तो काट्यांनी फोडावयाचा. या शिष्टाचारालाही कारण आहे. सुरीने कापलेला भाग गुळगुळीत होतो व त्यावरून रस्सा ओघळून जातो. फोडलेल्या खडबडीत भागात तो मुरतो. दक्षिण थुरिंगियातील मायनिंगेनच्या परिसरात या गोळ्यांना ‘ह्यूटेस’ असे नाव आहे. लोककथा अशी की, फ्राउ होल्ले या पुराणदेवतेने ही कृती लोकांना दिली आणि ‘हिला जपा’ असे बजावले. त्या आज्ञेचेच पुढे नाव झाले. व्युत्पत्ती म्हणून या कथेस कितपत अर्थ आहे हा प्रश्न अलाहिदा. परंतु सामान्य कंदाच्या गोळ्याला दैवी देणगीचे स्थान द्यावे असे लोकांना वाटले, ही गोष्ट बोलकी आहे.

बटाट्याचे गोळे केवळ थुरिंगियातच होतात असे नव्हे. बव्हेरियात त्यांना ‘क्नोडल’ म्हणतात व ते शिजलेल्या किंवा निम्म्या शिजलेल्या, निम्म्या कच्च्या बटाट्याचे करतात. इटलीतील ‘न्योकी’ शिजलेल्या बटाट्यात मैदा मिसळून बोराएवढ्या आकाराचे वळतात. लिथुआनियातील मांस भरलेल्या लांबट गोळ्यांना झेपेलिन या हवाई जहाजाचे नाव मिळालेले आहे. या सर्वांत बांधणारे द्रव्य निरनिराळे असले तरी प्रश्न एकच : ग्लूटेन नसलेल्या कंदाला आकार कसा द्यावा.

बटाट्यावर विसंबलेल्या लोकांना त्या विसंबण्याची किंमतही मोजावी लागली. १८४५ नंतर करपा रोगाने आयर्लंडमध्ये केलेला संहार सर्वश्रुत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीतील बटाट्याचे पीक जवळजवळ निम्म्यावर आले आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात लोकांना जनावरांना घालावयाच्या सलगमासारख्या कंदावर दिवस काढावे लागले. त्या हिवाळ्याची आठवण तेथे त्या कंदाच्याच नावाने राहिली. अशा अनुभवांतून गेलेल्या घरांत पिळलेल्या पाण्याचा तळ सांडू न देणे ही केवळ पाककृतीतील सूचना राहत नाही. तो घराचा नियम होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९४९ मध्ये म्युनिक येथे स्थापन झालेल्या फान्नी या उद्योगाने गोळ्यांचे तयार कोरडे पीठ बाजारात आणले. पाण्यात कालवावे, वळावे आणि उकळावे, इतकेच काम उरले. पुढे तयार ओले मिश्रण आणि गोठविलेले गोळेही मिळू लागले. किसताना सोलवटणारी बोटे, पिळताना दुखणारी मनगटे आणि रविवारची सबंध सकाळ चुलीपाशी घालविणारी स्त्री यांचा विचार करता या सोयीस नावे ठेवणे अन्यायाचे होईल. आज वायमारजवळील हायखेलहाइम या गावी या गोळ्यांना वाहिलेले संग्रहालयही आहे. एखादी वस्तू संग्रहालयात गेली की ती जपली गेली असे वाटते. दाबयंत्र, किसणी, तागाची पिशवी तेथे निश्चितच जपली जाते. परंतु खदखदती पेज ओतल्यावर पळीला होणारा विरोध काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. तो जपण्याचा मार्ग एकच आहे : ज्याला येते त्याने ओतावे आणि ज्याला शिकावयाचे आहे त्याच्या हाती पळी द्यावी.

ही गोष्ट एका जर्मन प्रांतापुरती नाही. भारतातील घरोघरच्या उकडी, चीक, सांडगे, पापड यांच्या कृतींतही असेच निरीक्षणाने मिळविलेले, अन्नाचा कण वाया न घालविणाऱ्या माणसांचे शास्त्र साठलेले आहे. त्यातील पुष्कळसे ज्ञान ‘अंदाजाने’ या एका शब्दात सांगितले जाते. म्हणून ते फारसे नोंदले गेले नाही. तयार पदार्थ विकत आणण्यास हरकत नाही. मात्र घरातील वडीलधारी स्त्री तळाचा साका ठेवून वरचे पाणी ओतत असेल, तेव्हा ती असे का करते हे तिला विचारून घ्यावे, आणि शक्य तर त्या वेळी तिच्याजवळ उभे राहावे.